गजभिये मॅडमच्या मुलाखती

गजभिये मॅडमना राग आला की त्या आधी चष्मा काढायच्या. ओढणीच्या टोकानं काचा पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या, पुन्हा पुसायच्या. तेवढ्या वेळात शहाण्या माणसानं तिथून उठून जावं. चष्मा परत डोळ्यांवर चढला की त्या बोलायला लागत, आणि मग समोर कंपनीचा मालक असो की प्रिंटर, दोघांसाठी भाषा एकच.

आमची कंपनी लहान होती. नागपूरच्या परसोडीकडच्या आयटी पार्कात एका इमारतीचा अर्धा मजला, बस्स. आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, कधी आल्या, कधी बाद होणार, कोणाला दिल्या, एवढाच त्याचा संसार. विदर्भातल्या बऱ्याच लहानमोठ्या हॉस्पिटलांत ते चालायचं आणि त्यातला बहुतेक भाग सुनंदा गजभिये या बाईंनी लिहिलेला होता. मी कॉलेजातून निघून तिथं लागले तेव्हा मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. बाकीच्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

त्यांच्या कोडमध्ये जागोजागी मराठीत सूचना असत. 'याले हात लावू नये.' 'कामठीवाल्यांचा फोन आला होता, म्हणून असं केलं.' एका ठिकाणी नुसतंच, 'विचार कर, मंग बदल.' मी पहिल्या आठवड्यात विचार न करता तिथं बदल केला. मॅडमनी चष्मा काढला.

"शिल्पा, मले एक सांग. हे चुकलं तं कोणाचं काय होईन?"

"रिपोर्ट चुकेल, मॅडम."

"रिपोर्टचं नाही विचारून राहिली मी. कोणाचं काय होईन?"

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की मी जी ओळ बदलली तिच्यामुळे बाद झालेली पिशवी एक दिवस जास्त चांगली दिसली असती. आणि ड्रॉवरमधून फुटाण्याची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. राग असा यायचा आणि असा जायचा.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत, आणि स्वतःलाही. एकदा कन्हानकडच्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली, की तुमचं सॉफ्टवेअर ओ पॉझिटिव्ह रक्त नाही म्हणतं आणि फ्रिज उघडला तर पिशव्या आहेत. आमच्यापैकी कोणीही जागेवर बसून दुरून त्यांचा कॉम्प्युटर बघितला असता. मॅडमनी स्कूटी काढली, मला मागे बसवलं आणि भर दुपारी कन्हान गाठलं. तिथं त्या नोंदी करणाऱ्या बाईच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि काही न बोलता नुसतं बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांना दिसलं. ती बाई ओ अक्षराच्या जागी शून्य टाइप करत होती. डोळ्यांना दोन्ही सारखंच. कॉम्प्युटरसाठी मात्र तो वेगळाच गट झाला होता, जगात कोणाचाच नसलेला. आदल्या दिवशी एका बाळंतिणीच्या नवऱ्याला रक्त नाही म्हणून नागपूरला पळवलं होतं. रक्त तिथंच, भिंतीपलीकडच्या फ्रिजमध्ये होतं. बाळंतीण वाचली, पण फार उशिरानं रक्त मिळालं.

नोंदी करणारी घाबरून रडायला लागली. मॅडम तिला म्हणाल्या, "तुह्यं काही नाही चुकलं. मी इथं टाइप करायची जागा ठेवलीच काहून? हे माह्यं आहे." दुसऱ्या दिवशी टाइप करायची जागा गेली आणि त्या ठिकाणी गटांची मोठी मोठी बटणं आली.

हे सांगायचं कारण, की पुढं जे झालं ते याच बाईच्या बाबतीत झालं.

आमची कंपनी विकली गेली. घेणारे मोठे होते, दुसऱ्या शहरातले. त्यांना आमची गिऱ्हाइकं हवी होती, आम्ही नको होतो. नागपूरचं ऑफिस काही महिन्यांत बंद होणार असं एका छान इंग्रजी मेलमधून कळलं. आम्ही तरुण लोक पुणं, हैदराबाद, बंगळूर असं बोलायला लागलो. मॅडमची गोष्ट वेगळी होती. पंचेचाळिशीला आलेल्या, लग्न केलेलं नाही, नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या घरात त्या आणि त्यांचे बाबा. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, ऐकू कमी यायचं, आणि इंदोरा सोडून एक दिवसही कुठं राहायला तयार नव्हते. घरून काम करू देणाऱ्या कंपन्या म्हणजे त्या बड्या कंपन्या. म्हणून मॅडमनी त्यांच्याकडे अर्ज केले.

बड्या कंपन्यांच्या मुलाखतीची एक स्वतंत्र दुनिया आहे. माणसानं आजवर काय काम केलं याच्याशी तिथं कोणाला फारसं देणंघेणं नसतं. कोडी घालतात. भिंती अशा-अशा उंचीच्या आहेत, पाऊस पडला तर मधे किती पाणी साचेल? त्याचा प्रोग्राम लिहा, समोरच्याच्या डोळ्यांदेखत, घड्याळ लावून. अशी शेकडो कोडी असतात आणि ती सोडवण्याचा सराव पोरं महिनोन्‌महिने करतात. मॅडमनीही सुरू केला. ऑफिसात आता काम उरलंच नव्हतं. आम्ही दोघी शेजारी बसून कोडी सोडवायचो.

"भिंतीच्या मधात पाणी साचते तं नाली काढा ना बाप्पा," त्या म्हणायच्या. "मोजून काय करता?"

"मॅडम, ते फक्त विचार कसा करता ते बघतात."

"विचार कसा करतो ते पाहाचं असन तं मले विचारा ना, का बाई, तू विचार कसा करते. मी सांगतो."

पण करायच्या. जिद्दी होत्या. नीट समजून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा लिहून बघायच्या. मला मात्र त्यांना असं बसलेलं बघून चीड यायची. ज्या बाईचं सॉफ्टवेअर त्या क्षणीसुद्धा कुठल्या तरी गावात कोणाला तरी योग्य पिशवी काढून देत होतं, ती बाई इथं शाळकरी पोरासारखी गाइड पाठ करत होती.

पहिली परीक्षा घरून द्यायची होती, मे महिन्यात. कॅमेऱ्यासमोर बसायचं, खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको, नजर स्क्रीनवरून हलता कामा नये. माणूस नव्हताच पलीकडे, नुसतं यंत्र लक्ष ठेवणार. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसणं म्हणजे काय, हे ते यंत्र बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. कूलर सुरू होता तर स्क्रीनवर लाल पट्टी आली, खोलीत आवाज आहे. मॅडमनी कूलर बंद केला. थोड्या वेळात घामानं चष्मा घसरायला लागला. तो काढून पुसला तर दुसरी लाल पट्टी, कृपया स्क्रीनकडे पाहा. त्या तशाच अर्धवट दिसणाऱ्या काचांतून लिहीत राहिल्या. पहिलं कोडं सुटलं. दुसरंही होत आलं होतं.

तेवढ्यात बाबा आत आले. कूलरचा आवाज थांबला हे त्या कमी ऐकू येणाऱ्या माणसालाही जाणवलं होतं. पन्ह्याचा ग्लास घेऊन ते थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

"लाईन गेली का वं, सुनंदा? किती घाम आला तुले!"

आणि त्यांनी लेकीच्याच ओढणीच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं.

परीक्षा तिथंच बंद झाली. उमेदवाराला दुसऱ्या व्यक्तीची मदत मिळत असल्याचं आढळलं, असं कारण स्क्रीनवर आलं. मॅडमनी मेल लिहिला, ते माझे वडील आहेत, त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. उत्तर आलं, या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत.

"माह्या बापाले कॉपी पुरवणारा ठरवलं त्यांनी," मॅडम दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "मी त्यांना सांगतलंच नाही. सांगतलं असतं तं जेवले नसते." चष्मा त्यांनी काढला, पुसला, आणि पुसतच राहिल्या. रागवायला समोर कोणी नव्हतंच.

दुसऱ्या कंपनीत निदान माणूस होता. व्हिडिओवर, पंचविशीतला, नम्र पोरगा. ही मुलाखत त्यांनी ऑफिसातूनच दिली आणि आम्ही चौघं काचेबाहेर घुटमळत होतो. पोरानं कोडं सांगितलं. भिंती, पाऊस, साचलेलं पाणी. आम्ही बाहेर एकमेकांना टाळ्या दिल्या. त्याच आठवड्यात मॅडमनी ते इतक्यांदा केलं होतं, की झोपेतून उठवलं तरी लिहिलं असतं.

आता यातली मेख अशी, की कोडं पाठ असलं तरी तसं दाखवायचं नसतं. कपाळाला आठ्या घालायच्या, आधी एक वाईट उपाय सुचवायचा, मग 'अच्छा, एक मिनिट' म्हणत चांगल्या उपायाकडे यायचं. सगळे तसंच करतात. समोरचाही नोकरीला लागताना तसंच करून आलेला असतो. आम्ही मॅडमना हे सांगितलं होतं, करूनही दाखवलं होतं.

मॅडमनी प्रश्न ऐकला आणि म्हणाल्या, "सर, हे मला येतं. मंगळवारीच सोडवलंय. तुम्हाला दुसरं काही विचारायचं असेल तर विचारा."

पोरगा गोंधळला. त्यानं मग दुसरं कोडं काढलं. शंभर मजल्यांची इमारत, हातात दोन अंडी. कितव्या मजल्यावरून टाकल्यावर अंडं फुटतं ते कमीत कमी वेळा टाकून शोधा. मॅडमनी दोनतीन शंका विचारल्या. एकदा पडून न फुटलेल्या अंड्याला तडा गेला असेल का, ते पुन्हा वापरणं बरोबर आहे का? पोरगा म्हणाला, तडा जात नाही असं समजा. त्या विचारात पडल्या. वेळ संपला. दोन दिवसांनी नकार आला.

आम्ही त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. "मॅडम, काहून सांगितलं तुम्ही? आयती आलेली नोकरी होती!"

"मले नाटक येत नाही वं," त्या फुटाणे तोंडात टाकत म्हणाल्या. "शाळेत गॅदरिंगले मले झाडाचं काम दिलं होतं. नुसतं उभं राहाचं होतं. तेथंबी हलली."

सगळे हसलो. हसता हसता मला वाईटही वाटत होतं, कारण ऑफिस बंद व्हायला आता थोडेच दिवस राहिले होते आणि आमच्यातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या ठरल्या होत्या. मलाही पुण्याला मिळाली होती. माझ्या मुलाखतीची तयारी मॅडमनीच करून घेतली होती.

तिसरी कंपनी सगळ्यात मोठी. तिथली ऑनलाइन परीक्षा मॅडमनी हिवाळ्यात दिली, बाबांना शेजाऱ्यांकडे बसवून. पास झाल्या. मग दोन मुलाखती फोनवर. मग शेवटच्या पाच फेऱ्यांसाठी हैदराबादला बोलावलं. तिथून आल्यावर त्यांनी मला पुण्याला फोन केला. आवाजच वेगळा होता.

"चार फेऱ्या तशाच झाल्या. कोडे, कोडे आणि कोडे. एक पोट्टा तं माह्याकडे पाहतच नव्हता, नुसता टाइप करून राहिला होता. मीच विचारलं त्याले, ऐकू येऊन राहिलं ना? पण पाचवा माणूस वेगळा होता, शिल्पा. त्यानं विचारलं, तुमच्या हातून झालेली चूक सांगा. मी कन्हानचं सांगतलं. ओ आणि शून्याचं."

"मग?"

"मंग तो विचारतच गेला. ती बाई कशी आहे, बटणं किती मोठी केली, ज्याले रंग दिसत नाही त्याचं काय. वेळ होऊन गेला तरी बोलतच होतो आम्ही. ऐकून राहिला होता वं तो माणूस."

आठ दिवसांनी निकाल आला, उत्तीर्ण. मी पुण्यात ऑफिसभर पेढे वाटले. आणि तिथंच मला पहिल्यांदा कळलं, की या कंपनीत उत्तीर्ण होणं म्हणजे नोकरी मिळणं नव्हे. आता एखाद्या टीमनं त्यांना मागून घ्यायचं होतं. तोवर थांबायचं. रितू नावाची कंपनीची मुलगी मॅडमना दर आठवड्याला फोन करायची. गोड बोलायची, हिंदीतून. या आठवड्यात दोन टीम बघतायत, मॅम. पुढच्या आठवड्यात नक्की, मॅम. एका टीमच्या साहेबानं मॅडमशी अर्धा तास गप्पा मारल्या, फार आवडलं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची टीमच उरली नाही. आमचं नागपूरचं ऑफिस तोवर बंद झालं होतं. मॅडम घरी बसून होत्या. जुन्या हॉस्पिटलांचे फोन अजून त्यांनाच यायचे, कारण नवे मालक फोन उचलत नसत, आणि त्या फुकटात उत्तरं देत बसायच्या.

मग रितूचे फोन थांबले. महिन्यानं भलत्याच नावानं मेल आला. तुमच्या मुलाखतींचे गुण आता ग्राह्य नाहीत, मुदत संपली आहे. आपली इच्छा असल्यास पहिल्या ऑनलाइन परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करता येईल. शेवटी एक हसरा चेहरा.

मी त्या दिवशी जेवले नाही, इतका संताप आला. मुदत संपायला ते काय दूध होतं? त्या बाईंना जे येत होतं ते महिन्याभरात येईनासं झालं होतं का? मी फोनवर बराच वेळ त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मॅडम ऐकत होत्या.

"झालं तुह्यं?" त्या म्हणाल्या. "मी आता त्या रितूले मेल टाकला होता. तिचा पत्ताच बंद म्हणून तो परत आला. म्हणजे काढलं तिले."

"अहो, तुम्ही तिची कसली काळजी करता?"

"नंबर आहे ना तिचा माह्याजवळ. दर आठवड्याले फोन करायची पोरगी. खोटं बोलायची, पण करायची तं."

त्यांनी खरंच फोन केला. पुढचं मला नंतर कळलं. रितू आधी नेहमीसारखं गोड बोलली आणि मग रडायला लागली. तिला एका सकाळी लॅपटॉप उघडेना तेव्हा कळलं होतं, की नोकरी गेली. आता तिचेही इंटरव्ह्यू चालू होते. मॅडमनी विचारलं, तुला काय विचारतात? ती म्हणाली, मॅम, मुझे पूछते हैं, आप पाँच साल बाद खुद को कहाँ देखती हैं. त्यावर मॅडम अशा हसल्या, की रडता रडता तीसुद्धा हसायला लागली.

त्यांनी पहिल्या परीक्षेपासून पुन्हा सुरुवात केली नाही. कामठी रोडवरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रक्तपेढीचं काम बघायला त्यांना बोलावलं होतं, तिथं गेल्या. पगार पूर्वीपेक्षा कमी, आणि तो कमी आहे हे त्या कोणालाही स्पष्ट सांगत. 'मनासारखं झालं' वगैरे बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "मले ती नोकरी पाहिजे होती," म्हणायच्या. "पाचही फेऱ्या काढल्या होत्या मी." एवढं म्हणून विषय बंद.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात. नागपूरला आले होते म्हणून भेटायला गेले, तर त्या इंदोऱ्यातल्या विहाराच्या सभागृहात रक्तदान शिबिर चालवत होत्या. रांगेनं खाटा, टेबलावर लॅपटॉप, लेबलांचा प्रिंटर आणि बिस्किटांचे पुडे. मला पाहून नुसती मान हलवली, बस म्हणाल्या, आणि प्रिंटरशी भांडत राहिल्या. केस चांगलेच पिकले होते. बाबा पंख्याखालच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला 'नाश्ता केला का' विचारत होते.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. कानाला लावला, ऐकलं, आणि एक हात मोकळा हवा म्हणून त्यांनी तो स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. एका तरण्या मुलीचा आवाज सभागृहात घुमायला लागला. इंग्रजीतून. तीच पाच फेऱ्यांवाली बडी कंपनी. मॅडमची माहिती वाचून त्यांना फारच आनंद झाला होता. प्रक्रिया अगदी सोपी होती, आधी एक छोटीशी ऑनलाइन परीक्षा, मग...

माझं डोकं फिरलं. मी फोन बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "बोलू दे तिले. तिच्या वरचा कोणी ऐकत असन. तिचीबी नोकरी आहे."

नुकतंच रक्त देऊन उठलेला एक धिप्पाड माणूस जागेवरच डुलायला लागला होता. मॅडम प्रिंटर सोडून त्याच्याकडे धावल्या, त्याला परत आडवा केला, पायांखाली उशी सरकवली, बाबांना सरबत आणायला सांगितलं. मागे टेबलावर मुलगी फेऱ्या समजावून सांगत होती. दुसरी, तिसरी, चौथी. मग तिलाच काही तरी शंका आली.

"मॅम? मॅम, आर यू देअर?"

"आहे वं, आहे," मॅडम त्या माणसाची नाडी धरून तिकडूनच ओरडल्या. "तू बोल."